पहिला चरा कोणावर?

नवे काही शिकू लागलेल्या माणसाने पहिले साधन कसले घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा आहे. थोडे खोल गेले की तो नीतीचा होतो.

यंदा वाशीमच्या आमच्या भाच्याला उघड्या वस्तऱ्याने दाढी करण्याची हौस सुटली. घरच्या जुन्या पेटीत पणजोबांचा वस्तरा निघाला, तो त्याने दगडावर लावून आणला. आता हवा होता चामड्याचा पट्टा. सलूनमध्ये आज असा पट्टा सहसा दिसत नाही. तेथे अर्धे पाते अडकवायचा वस्तरा आला आहे आणि दर गिऱ्हाइकाला नवे पाते लागते. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा विचार करता हे योग्यच झाले. पण ज्याला आपल्याच गालावर जुना वस्तरा चालवायचा आहे, त्याला पट्ट्यावाचून गती नाही. म्हणून त्याने विचारले, "मामा, पहिला पट्टा स्वस्तातला घेऊ, की चांगला?"

जाणकारांचे उत्तर ठरलेले असते : पहिला स्वस्तातलाच घ्यावा, कारण तो कापला जाणारच. हे खोटे नाही. पट्ट्यावर वस्तरा फिरवताना पाठ पुढे आणि धार मागे ठेवावी लागते. टोकाशी पोचल्यावर पाते उचलायचे नाही. ते पाठीवरच उलटवायचे आणि परत यायचे. नवशिक्याचा हात नेमका तेथेच घाई करतो, पाते धारेवर उलटते आणि चामड्यावर चरा उमटतो. महागड्या पट्ट्यावरचा असा चरा चामड्याबरोबर मनालाही लागतो.

पण दुसरी बाजूही खरी आहे. पट्टा लेचापेचा असला, त्याच्या पृष्ठावर खळगे असले, ताण दिल्यावर तो झोळीसारखा वाकला, तर धार गोल होते. मग दोष हाताचा की पट्ट्याचा, हे शिकणाऱ्याला कळत नाही. वाईट साधन चुकाही खोट्या दाखवते.

पट्टा नक्की करतो काय, हे पाहिले म्हणजे निवड सोपी होते. दगड पोलाद झिजवून धार घडवतो, तर पट्टा घडलेली धार राखतो. तिची वाकलेली, विसकटलेली किनार पुन्हा सरळ करतो. आता पोलादासारख्या पोलादाची किनार बिघडावी कशाने? केसाने! अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी 2020 साली सूक्ष्मदर्शकाखाली हे दाखवून दिले. केस पात्याहून सुमारे 50 पट मऊ. तरी तो विशिष्ट कोनात आला आणि तेथे पोलादाची घडण एकसारखी नसली, तर धारेचा बारीकसा टवका उडतो. कठीण वस्तूला मऊ वस्तू नमवते आणि मऊ चामडेच तिला पुन्हा ताळ्यावर आणते. संसार केलेल्या वाचकांना याचे फारसे नवल वाटणार नाही.

तेव्हा भाच्याला सांगितले ते असे. पट्टा साधा घे, पण खरा घे. नक्षी, मूठ, पितळी कड्या यांना पैसे घालू नकोस. बाभळीच्या सालीसारख्या झाडपाल्यात कमावलेले, एकसारख्या जाडीचे चामडे बघ. त्याच्या गुळगुळीत बाजूवर बोट फिरव. खळगा, सुरकुती, जुना वण लागता कामा नये. रुंदी तीन इंच असली की पात्याची सगळी धार एकदम टेकते आणि तिरके ओढण्याची कसरत करावी लागत नाही. लांबी दीड फूट असली तरी नवशिक्याला पुरे. अशी पट्टी गावातला चांभारही कापून देईल. ती भिंतीच्या खुंटीला अडकव, ताणून धर आणि सावकाश चालव. वेग हा कसबाबरोबर आपोआप येतो. कसबाच्या आधी आलेला वेग फक्त चामडे कापतो.

हे सारे सांगून झाल्यावर मनात राहिले ते वेगळेच. प्रत्येक शिक्षणाची काही किंमत असते, आणि ती कोणीतरी देतोच. भाचा ती स्वतः देणार आहे, पट्टा त्याचा आणि गालही त्याचाच. पण ज्यांच्या शिक्षणाचा चरा दुसऱ्याच्या कातडीवर उमटतो, त्यांचे काय? शिकाऊ पोराचा वस्तरा गावात पहिल्याने पाटलाच्या गालावर चालला असेल, असे कोणाला वाटते? नवखा डॉक्टर, नवा मास्तर, नुकताच रुजू झालेला अंमलदार, सगळ्यांचा हात कुठेतरी बसायला हवाच. तो बसतो बहुधा तेथे, जेथे "आई गं" म्हणण्याची सोय असते, पण तक्रार करण्याची नसते.

शिकूच नये, हा याच्यावरचा तोडगा नव्हे. मात्र ज्याने आपल्या पट्ट्यावरचे चरे मोजले आहेत, तो दुसऱ्याच्या गालाला हात लावताना जपेल. पहिल्या पट्ट्याचा खरा उपयोग हाच. तो धार राखतो आणि धारेची जबाबदारीही शिकवतो.

ही जबाबदारी म्हणजे काय, हे वस्तऱ्याच्याच इतिहासात दिसते. आपल्या गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. सुगीला धान्य घ्यायचे आणि वर्षभर गावाची हजामत करायची. पण त्या गावात अस्पृश्य मानलेल्यांना त्याचा वस्तरा नाकारला जाई. तो नकार रूढीचा होता. समोरच्या कातडीला माणसाची कातडी न मानणारा. पुढे 1890 साली मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, न्हाव्यांनी एकत्र येऊन दुसराच नकार दिला. विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असा तो निर्धार होता. येथे नकार देणाऱ्याला आपल्या वस्तऱ्याखाली एक रडणारी मुलगी दिसली होती. वस्तरा दोन्ही वेळा थांबला. पण एकदा तुच्छतेने थांबला, एकदा कणवेने. कसब दोघांपाशी सारखेच असेल. फरक पडला तो समोरच्या माणसाकडे पाहण्यात.

धार लावणे हे अर्धेच शिक्षण होय. ती कोठे चालवावी आणि कोठे आवरावी, हे उरलेले अर्धे. त्यासाठी पट्टा विकत मिळत नाही.

जुने कारागीर पट्ट्यावर वस्तरा फिरवून झाला की शेवटचे दोन-चार हात स्वतःच्या तळहातावर देत. पाठ पुढे, धार मागे, अगदी हलके. गिऱ्हाइकाच्या गालाला पाते लागण्याआधी ते त्यांच्या स्वतःच्या कातडीवरून जाई. चूक झालीच, तर रक्त आधी त्यांचे निघणार. यापेक्षा प्रामाणिक हमी कोणत्या दुकानात मिळते, मला ठाऊक नाही.

दिवाळीत आपण घरोघर नव्या वस्तू आणतो. मुलांच्या हाती नवी साधने देतो. कोणाला सायकल, कोणाला चित्रांचे रंग, कोणाला पहिली नोकरीची पिशवी. ती महाग की स्वस्त, याचा खल जरूर करावा. पण देताना एवढे सांगावे, की बाळा, हात बसेपर्यंत चरे पडणारच. ते शक्य तोवर आपल्याच वस्तूवर पडू देत. आणि दुसऱ्यावर उमटलाच एखादा, तर तो आपल्या तळहातावर उमटला असे समज.