आज्जाच्या वहीतली सही

वही टेबलावर ठेवा आणि पंखा बंद करा. हात धुऊन कोरडे करा. बेळगावच्या विमानतळाजवळ, सांबऱ्यात बसला असाल तर मध्येच विमानाचा आवाज येईल. तो विरेपर्यंत थांबा. पान एवढ्यात उघडू नका.

आधी घरात सांगितली जाणारी गोष्ट मनात येऊ द्या. समजा, ती अशी आहे: काँग्रेसच्या वेळी आज्जा बैलगाडीनं बेळगावला गेला, पाच रुपये दिले आणि गांधीजींची सही घेऊन आला. ही गोष्ट लहानपणापासून जशी ऐकलीत तशीच आठवा, दुरुस्त करू नका.

आता तिच्यातला एकेक धागा हातात घ्या. काँग्रेसचं बेळगावचं अधिवेशन २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला झालं, आणि गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. तेव्हा पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर बेळगावच्या टिळकवाडीत आजही आहे. सांबऱ्याहून गाडी जुंपून तिथं जाणं सहज जमण्यासारखं. हा धागा टिकतो.

मग पाच रुपये. गांधीजी सहीचे पाच रुपये घेत ते हरिजन निधीसाठी, आणि हरिजन सेवक संघच मुळी १९३२ चा. इथं मन लगेच म्हणेल, म्हणजे सगळं खोटं. म्हणू द्या, पण त्याच्या मागं जाऊ नका. पुढं कधीतरी कानावर आलेले पाच रुपये म्हाताऱ्या माणसानं आपल्या जुन्या गोष्टीत गुंफले असतील. किंवा सही नंतरची असेल आणि साल चुकलं असेल. गोष्ट चुकली म्हणून सही खोटी ठरत नाही. उलटही तितकंच खरं, पण ते आपल्याला सहसा सुचत नाही.

आता पान उघडा. नाव वाचू नका, वही उलटी फिरवा. उलट्या सहीत नाव लोपतं आणि नुसती रेघ उरते. ती कशी धावते ते बघा. सवयीनं केलेल्या सहीत रेघेचा जोर कमीजास्त होतो आणि शेवट निमुळता सुटतो. बघून गिरवलेली सही सारख्या दाबाची असते, मध्येच थबकते, थरथरते. अर्थात चालत्या गाडीत किंवा गर्दीत उभ्यानं केलेली खरी सहीही थरथरते.

पुस्तकात छापलेल्या सहीशी जुळवायचा मोह होईल. जुळवा, पण बेतानं. १९०९ साली बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात दुखला तेव्हा गांधीजींनी डाव्या हातानं पानं लिहिली. आपल्या वाईट अक्षराची खंत त्यांनी आत्मचरित्रात मांडली आहे. अशा माणसाच्या दोन सह्या हुबेहूब जुळल्या, तर मला जास्त शंका येईल.

दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, तो अंधारात पानावर धरा. साधारण १९५० नंतरच्या पुष्कळ कागदांत चकाकी आणणारं द्रव्य असतं, तो कागद निळसर उजळतो. पान उजळलं तर १९२४ विसरा. शाई बॉलपेनची असेल तरीही विसरा, ती पेनं दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. पण पान उजळलं नाही म्हणून हुरळू नका. कोरी जुनी पानं जुन्या वह्यांत हवी तेवढी मिळतात. कागद सही खोटी पाडू शकतो, खरी ठरवू शकत नाही. ही एकतर्फी तपासणी मला फार आवडते, फसवणुकीला तिथं वाव कमी.

आता स्वतःकडे बघा. ही सही खरी निघावी असं का वाटतंय? पैशांसाठी असेल तर लाजू नका. हस्ताक्षर तज्ज्ञाकडे मूळ वही न्या, फोटो नको, आणि शंका गिऱ्हाइकाला आधी सांगा. आज्जासाठी असेल, तर तो बेळगावला गेला होता की नाही, हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर सहीत नाही.

वहीला प्लास्टिकचा थर चढवू नका, डिंक लावू नका. एका सुट्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीनं लिहा: ‘गांधीजींची सही, असं आज्जा सांगे. पाच रुपयांचा मेळ बसत नाही. तपासलेली नाही.’ खाली आजची तारीख आणि तुमचं नाव घाला.