पुरवराधीश्वरांची आडनावे

ठाण्याच्या शिलाहार राजांच्या ताम्रपटांत एक बिरुद पुनःपुन्हा येते : 'तगरपुरवराधीश्वर', तगर या श्रेष्ठ नगराचा स्वामी. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर. हे राजे नांदत होते उत्तर कोकणात, समुद्राच्या काठी, आणि तेर त्यांच्या राज्यात नव्हतेच. कोल्हापूरचे शिलाहारही हेच बिरुद लावत. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, पण ते स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे स्वामी म्हणवीत. देवगिरीच्या यादवांनी तर थेट द्वारावतीशी नाते सांगितले.

महाराष्ट्रातल्या सरदार घराण्यांच्या आडनावांची सुरुवात शोधायची, तर मला या बिरुदांपाशी थांबावेसे वाटते. आजच्यासारखे आडनाव तेव्हा नव्हते. शिलालेखात माणूस येतो तो स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने आणि हुद्द्याने. 'राष्ट्रकूट' हे नावही मुळात एका अधिकारपदाचे. कुळाला ओळख लागली की ती मागे राहिलेल्या गावावरून मिळे. मुलूख बदलला, राजधानी बदलली, तरी बिरुदातले गाव तेच राहिले.

चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवांचे राज्य बुडाले, दिल्लीचा आणि मग बहमनींचा अंमल आला. वरचे राज्यकर्ते बदलत गेले, खाली देशमुख-पाटील मात्र जागच्या जागी राहिले, कारण वसुली त्यांच्यावाचून होत नव्हती. इथे गावाच्या नावाला निराळे वजन आले. फलटणचे नाईक घराणे मूळचे पवार. फलटणजवळच्या निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण, त्यांचे गाव डफळापूर. पाटणकर मूळचे साळुंखे. शिलाहारांचे तगर ही आठवण होती. निंबाळकरांचे निंबळक त्यांच्या मुलखातच होते. ते नाव म्हणजे हक्क होता.

आडनाव पिढीजात झाले ते वतनामुळे, असे माझे ठाम मत आहे. देशमुखी बापाकडून मुलाकडे जायची. भाऊबंदकीचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसायची, साक्षी व्हायच्या, महजर लिहिला जायचा. अशा कागदात 'अमक्याचा मुलगा तमका' एवढे पुरत नाही. तीन पिढ्या चाललेल्या भांडणाला तीन पिढ्या टिकणारे नाव लागते. वतन कोणाचे, हे सांगणारा शब्द घराण्याला चिकटला आणि वतनासारखाच वारशाने उतरू लागला. तोही मुलांकडेच, वतनाची वाट जिकडे, नावाची वाट तिकडेच.

दरबारी किताबांनी यात आणखी भर घातली. जावळीच्या मोऱ्यांना 'चंद्रराव' हा किताब होता आणि गादीवर येणारा प्रत्येक जण चंद्ररावच होई. 1656 साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तेव्हा गादीवर असलेला मोरेही पुस्तकांत चंद्रराव मोरे म्हणूनच राहिला आहे. त्याचे खरे नाव सांगणारा वाचक क्वचित भेटतो. स्वराज्यातही कुडतोजी गुजर प्रतापराव झाले, हंसाजी मोहिते हंबीरराव झाले, आणि बारशाची नावे मागे पडली.

कुळीचा, म्हणजे रक्ताचा अभिमान याआधीही होता. आडनावाचा मुख्य अर्थ तोच ठरला तो मात्र पुढे. सिंदखेडचे लखुजी जाधवराव देवगिरीच्या यादवांचे वंशज मानले जात. 1629 मध्ये निजामशाहाने त्यांना दौलताबादेत दरबारात बोलावून मुले-नातवासह ठार मारले. दौलताबाद म्हणजेच देवगिरी. ज्या किल्ल्यावरून त्यांचे कूळ सांगितले जाई, त्याच किल्ल्यात त्यांच्या लेकीचे, शिवाजी महाराजांच्या आई जिजाबाईंचे माहेर एका दिवसात उजाड झाले. कुळीचे तेज त्यांच्या कामी आले नाही. शिवाजी महाराजांच्या 1674 च्या राज्याभिषेकात मात्र हीच कुळी निर्णायक ठरली. वेरूळच्या पाटीलकीपासून वर आलेल्या भोसल्यांचे मूळ मेवाडच्या सिसोदियांपर्यंत नेले गेले आणि काशीच्या गागाभट्टांनी अभिषेक केला. मोठे राज्य उभे केलेल्या पुरुषालाही वंशाचा दाखला द्यावा लागला, हे मला आजही खुपते.

त्यानंतर गावाच्या नावाआड असलेली पवार, चव्हाण, साळुंखे ही नावे पुढे आली. साळुंखे म्हणजे चालुक्य, मोरे म्हणजे मौर्य, शेलार म्हणजे शिलाहार अशी सांगड घातली गेली. शहाण्णव कुळींच्या याद्या झाल्या, पण त्या एकमेकींशी जुळत नाहीत. सोयरीक जमवताना याच याद्या हाताशी धरून कोण वरचा, कोण खालचा हे ठरवले गेले, आणि अनेक घरांत अजून ठरवले जाते.

या सगळ्याला छेद देणारी गोष्ट आपल्या गावातच आहे. जाधव, पवार, मोरे, गायकवाड, शिंदे ही आडनावे मराठ्यांत आहेत, तशी महार-मांगांत, धनगरांत आणि बलुतेदारांतही आहेत. आडनाव म्हणजे रक्त असे मानले, तर याचा उलगडा होत नाही. वतनाच्या बाजूने पाहिले की होतो. सरदाराच्या शिबंदीत लढणारा, त्याची जमीन कसणारा, त्याच्या वाड्याच्या वेशीवर पहारा देणारा माणूसही त्या मुलखाचाच होता. धन्याच्या नावाने तो ओळखला गेला असेल. कदाचित ते नाव धन्याइतकेच त्याचेही जुने असेल. महजरात वतनदाराच्या साक्षीला गावचा महार उभा राहत असे, शिवेचा दगड कुठे आहे ते तोच दाखवीत असे, आणि त्याच्या शब्दावर जमिनीचा निवाडा होत असे.