पुडी अडली, पण तलफ?

महाराष्ट्राने २०१२ साली गुटखा बंद केला. आमच्या तेलंगणानेही मे २०२४ मध्ये तंबाखू-निकोटीन असलेल्या गुटखा-पानमसाल्याची निर्मिती, साठवण, वाहतूक, विक्री थांबवली. चांगलंच झालं. पण बरकतपुऱ्यातल्या बायका मला विचारतात, "ताई, माल येईना झाला की खाणंही सुटेल ना?"

मला नाही तसं वाटत. चटक लागलेला माणूस दुप्पट पैसे मोजतो, नाहीतर साधी तंबाखू चुन्याबरोबर मळतो. आणि मशेरी? ती तर घरच्या तव्यावर भाजली जाते. तिला कुठला नाका अडवणार?

आपल्याकडे पाप तीन परींनी लागतं म्हणतात : कृत, कारित, अनुमोदना. म्हणजे करणं, करवणं आणि करणाऱ्याला मान डोलावणं. कायदा पुरवणाऱ्याचा हात धरतो, तो धरावाच. पण पाहुण्यांपुढे पानाच्या तबकात तंबाखूची डबी आपणच ठेवतो, "दातांना बरी" म्हणून सुनेला मशेरी आपणच देतो. ही अनुमोदना कुठल्या कायद्यात बसते?

पुडी हिसकावली तर तो उंबऱ्याबाहेर जाऊन खातो. त्याग ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो; आज दुपारपर्यंत, उद्या दिवसभर, असा. तलफेने जीव कासावीस होतो, तेव्हा टोमणे मारू नयेत, जवळ बसावं. आणि तबकातली डबी मात्र आजच उचलावी, बायांनो. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.