हिंदूराव : नाव आणि विस्मरण

उत्तर दिल्लीतील ज्या खडकाळ टेकाडाला 'रिज' म्हणतात, त्यावर हिंदूराव रुग्णालय आहे. 'हिंदूरावला जायचे' असे सांगणाऱ्याच्या मनात कागलच्या घाटगे घराण्यातील कोणी सरदार नसतो. वाडा बांधला तोही हिंदूरावाने नव्हे. १८३० च्या सुमारास तो विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने उभारला. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाल्यावर तो हिंदूरावाने विकत घेतला. १८५७ च्या वेढ्यात गुरखा पलटणीने हीच जागा लढवली व तोफांच्या माऱ्याने वाडा खिळखिळा झाला. तेव्हा हिंदूराव हयातही नव्हता. नाव मात्र टिकले.

या टिकण्याला स्मृती म्हणता येईल काय?

हिंदूराव हा बायजाबाई शिंदे यांचा भाऊ आणि सर्जेराव घाटगे याचा मुलगा. १७९८ मध्ये बायजाबाईंचा दौलतराव शिंद्यांशी विवाह झाला, सर्जेराव दिवाण झाला आणि दुसऱ्या बाजीरावाने कबूल केलेली रक्कम त्याने पुणेकरांकडून वसूल केली. सावकार व मुत्सद्दी यांचे जे हाल झाले, त्यांत तापलेल्या तोफेला माणूस बांधल्याचीही नोंद आहे. बापाचे पाप मुलाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे, हे निर्विवाद. परंतु पाप आणि प्रतिष्ठा यांचा वारसा वेगवेगळा असतो. पुण्यातील त्या दिवसांचा दोष हिंदूरावाकडे येत नाही. त्याच दिवसांनी घराण्याला दिलेले शिंदेशाहीतील स्थान मात्र येते, आणि दिल्लीतील त्याचा मान त्या स्थानावरच उभा होता.

काळाने घाटग्यांना क्षमा केली, असे म्हणणे सोपे आहे. याच कागलकर घाटगे घराण्यात १८७४ मध्ये राजर्षी शाहू जन्मले आणि वाड्याच्या जागी रुग्णसेवा आली, एवढे जमेस धरले की हिशेब मिटल्यासारखा वाटतो. (चरित्रकारांना असे हिशेब फार आवडतात.) वस्तुतः क्षमा करण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचाच असतो, विसरण्याला कोणाचाच अधिकार लागत नाही. पुण्यात छळले गेलेल्यांपैकी बहुतेकांचे नाव कोणत्याही दारावर नाही. त्याच टेकाडावरील 'म्युटिनी मेमोरियल'चे १९७२ मध्ये 'अजितगड' असे नामांतर झाले, कारण त्या नावाचा अर्थ लोकांना कळत होता व बोचत होता. 'हिंदूराव' कोणालाच बोचत नाही. त्याचे निरुपद्रवीपण विस्मरणातून आलेले आहे, निर्दोषतेतून नव्हे.

रुग्णालयाजवळच मीरतहून फिरोजशहा तुघलकाने आणलेला अशोकस्तंभ आहे. अठराव्या शतकात स्फोटात फुटलेला हा स्तंभ १८६७ मध्ये पाच तुकडे जोडून पुन्हा उभा केला गेला. कलिंगयुद्धाबद्दल अशोकाने कोरविलेला पश्चात्ताप मात्र या स्तंभावर नाही. तो दूरच्या शिलालेखांत आहे. सर्जेरावाचा पश्चात्ताप कोठेच कोरलेला नाही.