सर्वांत मौल्यवान कोण?

धर्मराजाच्या राजसूय यज्ञांत अग्रपूजेचा मान कोणास द्यावा असा प्रश्न निघाला, तेव्हां भीष्मांनीं श्रीकृष्णाचें नांव सुचविलें. सहदेवानें अर्घ्य दिलें आणि लगेच शिशुपाल उठला. त्याच्या भाषणांतील शिवीगाळ आपल्या सर्वांच्या लक्षांत आहे. त्यांतील युक्तिवाद मात्र आपण विसरतों. वयाला मान द्यावयाचा असेल तर कृष्णाचे वडील वसुदेव आहेत, आचार्यत्वाला द्यावयाचा असेल तर द्रोण आहेत, ऋत्विजाला द्यावयाचा असेल तर प्रत्यक्ष व्यास आहेत. मग कृष्णाला तुम्ही मान देतां तो कोणत्या नात्यानें, असें त्याचें विचारणें होतें. शिशुपालाचा हेतु दुष्ट होता, पण प्रश्न दुष्ट नव्हता. मान कोणाला, या प्रश्नाच्या आधीं मान कशाला, हा प्रश्न येतो. आणि तो न सोडवितां पुढें गेलें म्हणजे भांडण ठरलेलेंच.

हा विचार मनांत येण्याचें निमित्त तसें क्षुल्लक आहे. माझा एक जुना विद्यार्थी पुष्कळ वर्षें अमेरिकेंत असतो. तेथील बेसबॉल या खेळाचें त्याला वेड लागलें आहे. गेल्या सुट्टींत तो घरीं आला तेव्हां त्यानें तेथील एका वार्षिक वादाची हकीकत इतक्या आवेशानें सांगितली कीं, खेळांतलें फारसें कांहीं न कळणारा मीहि त्या वादांत ओढला गेलों.

तेथें बेसबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांचा एक संघ आहे. अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगांतून प्रत्येकीं एक ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’ हा संघ १९३१ सालापासून दरवर्षीं निवडीत आला आहे. लीगमधील प्रत्येक गांवच्या संघामागें दोन पत्रकारांना मत असतें. प्रत्येकानें दहा नांवें क्रमानें लिहावयाचीं. पहिल्यास चौदा गुण, दुसऱ्यास नऊ, आणि तेथून एकेक उतरत दहाव्यास एक. मतें हंगामाचे नेहमींचे सामने संपतांच, अंतिम स्पर्धेपूर्वीं, घेतलीं जातात. व्यवस्था चोख आहे. फक्त ‘मौल्यवान’ म्हणजे काय, याची व्याख्या कोठेंहि केलेली नाहीं. मतपत्रिकेसोबतच्या सूचनांतच स्पष्ट म्हटलें आहे कीं, तिचा अर्थ ज्याचा त्यानें ठरवावा.

अर्थ ज्याचा त्यानें ठरविल्यावर काय होतें, तें १९४१ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं बोस्टनच्या टेड विल्यम्सची फलंदाजीची सरासरी .४०६ झाली, म्हणजे हिशेबांत धरलेल्या दर हजार प्रयत्नांत ४०६ यशस्वी टोले. या दोन लीगांत त्यानंतर आजवर कोणासहि .४०० ची मजल गांठतां आलेली नाहीं. शेवटच्या दिवशीं सकाळीं त्याची सरासरी .४०० च्या किंचित् खालीं होती आणि पूर्णांकाच्या रिवाजानें ती .४०० च धरली गेली असती. तो स्वस्थ बसता तर कोणीं दोष दिला नसता. पण तो फिलाडेल्फियास दोन्ही सामने खेळला आणि आठ प्रयत्नांत सहा टोले मारून आला. त्याच वर्षीं न्यूयॉर्क यांकीज संघाच्या जो डिमॅजिओनें लागोपाठ ५६ सामन्यांत किमान एक तरी यशस्वी टोला मारण्याचा विक्रम केला. तोहि अद्याप अबाधित आहे. यांकीज पहिले आले, बोस्टन सतरा सामन्यांनीं मागें दुसरें राहिलें. आणि मान डिमॅजिओला मिळाला. पुढें १९४२ आणि १९४७ या दोन्ही सालीं विल्यम्स सरासरी, होमरन आणि संघास मिळवून दिलेल्या धांवा या तिहींत लीगमध्यें पहिला आला. तरीहि १९४२ चा मान यांकीजच्याच जो गॉर्डनला गेला आणि १९४७ चा पुन्हां डिमॅजिओला, २०२ विरुद्ध २०१, म्हणजे अवघ्या एका गुणानें.

डिमॅजिओच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, ‘सर्वोत्कृष्ट’ आणि ‘मौल्यवान’ हे निराळे शब्द आहेत. उत्कृष्टपणा हा मनुष्याच्या ठिकाणीं असतो. मूल्य हें नेहमीं कोणाला तरी, कशासाठीं तरी असतें. संघाचें प्रयोजन विजय. जो विजयाला कारण झाला तो मौल्यवान. पराभूत संघांतील पराक्रमी पुरुषाची स्तुति करावी, पण त्याला मौल्यवान म्हणूं नये. हा युक्तिवाद वरवरचा नाहीं. तहानेनें व्याकूळ झालेल्यास हिरा देऊं केला तर तो पाणीच मागेल.

परंतु आपल्या नैयायिकांनीं कारण ओळखण्याची जी कसोटी सांगितली आहे, ती येथें लावून पाहावी. हें असतां तें असतें हा अन्वय. हें नसतां तें नसतें हा व्यतिरेक. यांकीजच्या कैवाऱ्यांनीं केवळ अन्वय पाहिला: डिमॅजिओ होता, विजय झाला. व्यतिरेक पाहावयाचा तर विचारावें लागेल कीं, तो नसता आणि त्याच्या जागीं एखादा साधारण गडी असता तर संघाचे किती विजय कमी झाले असते? आणि हाच प्रश्न विल्यम्सविषयींहि विचारावा लागेल. पराभूत संघांतील खेळाडूमुळेंहि विजयांत भर पडलेलीच असते. ती भर पहिल्या क्रमांकास पोंचली नाहीं, एवढेंच. तें न पोंचणें हा त्याच्या सोबत्यांचा उणेपणा असूं शकेल. शेजाऱ्याच्या दारिद्र्याबद्दल मनुष्यास दंड करावा काय?

२०१२ सालीं हा प्रश्न अधिकच टोंकास गेला. डेट्रॉइटच्या मिगेल काब्रेरानें त्या तिहींत पहिला येण्याचा पराक्रम केला. १९६७ नंतर प्रथमच तो कोणाला साधला होता. त्याच्या समोर माइक ट्राउट हा एंजल्स संघाचा नवखा तरुण होता. फलंदाजी, धांव आणि क्षेत्ररक्षण अशा सर्व अंगांचा हिशेब करून, सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षां अमुक गड्यानें किती विजय अधिक मिळवून दिले, हें काढण्याची एक गणिती रीत अलीकडे रूढ झाली आहे. ती म्हणजे व्यतिरेकाचीच आंकडेमोड. त्या रीतीनें ट्राउट बराच पुढें होता. मान काब्रेरास मिळाला. २८ पैकीं २२ पत्रकारांनीं त्याला पहिलें स्थान दिलें. डेट्रॉइट आपल्या गटांत पहिलें आलें आणि ट्राउटच्या संघाला अंतिम स्पर्धेंत प्रवेशहि मिळाला नाहीं, हें त्याच्या बाजूचें एक मोठें कारण सांगण्यांत येई. मौज ही कीं, डेट्रॉइटनें ८८ सामने जिंकले होते आणि एंजल्सनीं ८९. एंजल्सच्या गटांत प्रतिस्पर्धी अधिक बळकट होते, इतकेंच. तर मग मौल्यवानपणा भूगोलावर अवलंबून राहिला म्हणावयाचा! उलट १९८७ सालीं गटांत शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या शिकागो कब्जच्या आंद्रे डॉसनला हाच मान मिळाला होता. एका वर्षीं एक कसोटी, दुसऱ्या वर्षीं दुसरी.

आपल्याकडील एक उदाहरण देतों. १९४३ च्या डिसेंबरांत मुंबईस पंचरंगी सामन्यांच्या अखेरच्या लढतींत, ‘इतर’ संघाच्या दुसऱ्या डावांतील ३८७ धांवांपैकीं ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या होत्या. संघ डावानें हरला. त्या खेळीचें मूल्य शून्य, असें म्हणण्याचें धैर्य कोणास होईल? पण हेंहि पाहावें कीं, त्यांच्या ३०० धांवांच्या भागीदारींत त्यांचे बंधु विवेक यांच्या धांवा अवघ्या २१ होत्या. ते टिकले नसते तर मोठ्या भावाचें त्रिशतक कोठलें? त्या २१ धांवांचें मोल कोणत्या आंकड्यांत मांडावें?

यावरून गणित निरुपयोगी ठरत नाहीं. पण मोजावयाचें काय, हें गणित सांगत नाहीं. तें आपण आधीं ठरवावें लागतें. ॲरिस्टॉटलनें म्हटलें आहे कीं, वांटणी योग्यतेप्रमाणें व्हावी हें सर्वांनाच मान्य असतें. तंटा असतो तो योग्यता कशांत मानावी याविषयीं. माझें स्वतःचें मत विल्यम्सच्या बाजूचें आहे. ज्या गोष्टी मनुष्याच्या हातांत होत्या त्यांचाच हिशेब मानाच्या वेळीं व्हावा असें मला वाटतें. विजयाचें बक्षीस संघाला मिळतेंच. तें एकाच्या गळ्यांत दुसऱ्यांदां कां घालावें?

मात्र मत सांगणें सोपें आहे, आणि हें मी अनुभवानें म्हणतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयांत ‘सर्वांत योग्य विद्यार्थ्यास’ द्यावयाच्या पदकासाठीं जी समिति नेमली होती, तींत मी होतों. योग्य म्हणजे काय, हें पदक ठेवणाऱ्या गृहस्थांनीं लिहून ठेवलें नव्हतें. एकाचे गुण सर्वांत अधिक होते. दुसऱ्याचे थोडे कमी. पण वसतिगृहांतील मागें पडलेल्या मुलांना तो रात्रीं शिकवीत असे आणि त्यांतील कित्येक त्याच्याच आधारानें उत्तीर्ण झाले होते. मीं पहिल्यास मत दिलें. पहिला अधिक योग्य अशी माझी खात्री होती म्हणून नव्हे. गुणांचा कागद दाखवितां येतो, आणि कोणीं जाब विचारला तर तो पुढें करतां येतो, म्हणून. निकालानंतर तो दुसरा मुलगा भेटावयास आला. तक्रार करावयास नव्हे. त्यानें इतकेंच विचारलें, “सर, मीं आणखी काय करावयास हवें होतें?” मला उत्तर देतां आलें नाहीं.

मीं चुकीचें मत दिलें कीं बरोबर, हें मला आजहि सांगतां येत नाहीं. पण ज्याला मान मिळाला नाहीं त्याला सांगण्याजोगें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें, आणि दोष त्यांतच होता. मान देणाराचें कर्तव्य जिंकणाऱ्याच्या गळ्यांत पदक घालून संपत नाहीं. हरणाऱ्याला आपण कोणत्या कसोटीवर मागें पडलों हें कळण्याचा अधिकार आहे. कसोटी माणसें पाहण्यापूर्वीं ठरवावी, ती उघड सांगावी आणि पुढच्या वर्षीं आपल्या आवडीचा उमेदवार आला म्हणून बदलूं नये. आधीं माणूस निवडून मग त्याला शोभेल अशी कसोटी शोधणें, हें मत देणें नव्हे. ती वकिली झाली.

शिशुपालाचें पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या मुलाचा प्रश्न शिशुपालाचाच होता. फक्त तो नम्रपणें विचारलेला होता, आणि उत्तर द्यावयास माझ्या हातीं सुदर्शन नव्हतें.