रणगाड्यांपुढे उभे राहताना

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे 1490 साली अहमद निजामशहाने वसविलेले शहर. भुईकोट किल्ला, फराहबाग आणि ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय पाहावयास येणारी कुटुंबे 1994 साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयाकडेही हटकून वळतात. तेथे मुलांचा आनंद ओसंडून वाहत असतो. त्या आनंदावर विरजण घालण्याची आमची इच्छा नाही. तथापि एक प्रश्न टाळता येत नाही: माणसे मारण्यासाठी घडविलेल्या वस्तूंकडे कौतुकाने पाहणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय?

कौतुक वाटावे असे तेथे पुष्कळ आहे, हे खरे. शस्त्र घडविताना माणसाने आपली कलाही पणाला लावली आहे. विजापूरच्या बुरुजावरील प्रसिद्ध ‘मुलूख मैदान’ तोफ 1549 साली आपल्या याच नगरात ओतली गेली. तिचे तोंड म्हणजे जबडा पसरलेला सिंह, आणि त्याच्या दातांखाली चिरडला जाणारा हत्ती! ही तोफ तांबे आणि कथिल यांच्या मिश्रधातूची आहे. आपल्या चर्चमधील घंटाही याच दोन धातूंतून ओततात. एकाच धातूतून प्रार्थनेचे बोलावणे निघते आणि मृत्यूही. दोष धातूचा नव्हे. निवड माणसाची असते.

संग्रहालयात 1965 च्या युद्धात हस्तगत केलेले पॅटन रणगाडे आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरात पंजाबातील असल उत्तर येथे जीपवरील तोफेने असे रणगाडे उद्ध्वस्त करणारे हवालदार अब्दुल हमीद धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. 1971 साली सेंच्युरियन रणगाड्यातून लढताना अरुण खेत्रपाल कामी आले. त्यांचे वय अवघे 21 होते. ज्यांच्या बलिदानावर आपली शांत झोप उभी आहे, त्यांच्यापुढे नतमस्तक न होणे हा कृतघ्नपणा ठरेल.

असल उत्तरची लढाई झाली त्याच वर्षी, 4 ऑक्टोबरला, पोप सहावे पॉल यांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे युद्धबंदीचे कळकळीचे आवाहन केले. डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. देशाच्या रक्षणासाठी प्रामाणिकपणे झटणारा सैनिक शांततेचाच सेवक असतो, हे त्यात मान्य केले आहे. मात्र शहरेच्या शहरे बेचिराख करणाऱ्या युद्धाचा निःसंदिग्ध शब्दांत निषेध केला आहे. शौर्याला वंदन आणि संहाराला नकार या दोन गोष्टी एकाच अंतःकरणात नांदू शकतात, नांदावयास हव्यात.

म्हणून आमच्या मते, संग्रहालयात जरूर जावे. परंतु केवळ पोलादाचे वजन आणि तोफेचा पल्ला वाचून परतू नये. प्रत्येक रणगाड्याच्या आत माणसे बसलेली होती. जिंकलेल्या रणगाड्यातही होती. त्यांचीही कुणी आई वाट पाहत होती. आईवडिलांनी हे मुलांना तेथेच, त्या रणगाड्यापाशी उभे राहून सांगावे. शत्रूवर प्रीती करा, ही प्रभू येशूची आज्ञा चर्चमध्ये ऐकणे सोपे आहे. जिंकलेल्या पॅटनपुढे ती आठवणे कठीण. मुलांना श्रद्धेचे शिक्षण द्यावयाचे ते अशाच कठीण जागी. त्यानंतर त्यांनी खुशाल छायाचित्र काढून घ्यावे.