शून्य दाखवणारा मीटर

नागपूरजवळच्या कन्हानच्या मुलाने बी.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स घेतले की घरातून पहिला प्रश्न येतो, 'नुसते कॉम्प्युटर का नाही घेतले?' पालकांचे चुकत नाही. सॉफ्टवेअरमधले पगार कानावर येतात. सोल्डरिंग करणारा मात्र टीव्ही दुरुस्तीवालाच वाटतो. तरीही हे दोन विषय तोडून शिकवण्यात विद्यार्थ्याचे मोठे नुकसान आहे असे मला वाटते, आणि ते कन्हानइतके लख्ख क्वचितच कुठे दिसेल.

या गावाभोवती वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी आहेत. भूमिगत कोळसा खाणीत मिथेनची धास्ती असते. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते. तो मोजायच्या एका जुन्या, भरवशाच्या पद्धतीत प्लॅटिनमच्या बारीक तारेची दोन वेटोळी असतात, दोन्ही सिरॅमिकच्या मण्यांत बसवलेली आणि तापवलेली. एका मण्यावर उत्प्रेरक असतो. मिथेन त्यावर जळतो, तार आणखी तापते, तिचा रोध वाढतो आणि व्हीटस्टन ब्रिजचा तोल जातो. बारावीत पाठ केलेला तोच ब्रिज! पुढे काही मिलिव्होल्ट वाढवायला ऑप-अ‍ॅम्प, त्यांचा आकडा करायला कन्व्हर्टर, आणि आकडा मर्यादेपलीकडे गेला की वीज तोडायला प्रोग्राम.

आता समजा पडद्यावर शून्य आले. हवा स्वच्छ आहे, की सिलिकोनच्या वाफांनी उत्प्रेरक निकामी झाला आहे? प्रोग्रामला दोन्ही शून्ये सारखीच. फक्त कोड शिकलेला मुलगा त्या आकड्यावर विश्वास ठेवील. मणी हाताळलेला मुलगा आधी ठरावीक प्रमाणाचा वायू सोडून सेन्सर जिवंत आहे का ते बघेल. खाली माणसे काम करत असतात, म्हणून हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

ही गोष्ट सेन्सरपुरतीच नाही, महासंगणकालाही ती लागू आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, १९६५ मध्ये अभियंता झाले. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर चिप वापरल्या होत्या. अशा प्रत्येक चिपला शेजारच्या चिपशी बोलायला चार दुवे असत. कोणती चिप कोणाला जोडली आहे हे ठाऊक नसलेल्याला त्या यंत्राचा प्रोग्राम नीट लिहिता येणे कठीणच.

आपल्याकडे एका खोलीत ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या किटवर हेक्साडेसिमल कोड ठोकायचे आणि शेजारच्या खोलीत पायथन लिहायचे, असा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. ८०८५ हा १९७६ चा. तो जुना झाला म्हणून काढून टाका, असे मी म्हणणार नाही. ३ई हा कोड चालवल्यावर पुढचा बाइट ॲक्युम्युलेटरमध्ये जाताना एकदा बघितला की संगणकाची जादू जाते आणि समज येते. पण या दोन खोल्यांची गाठ एकदा तरी पडायला हवी.

शेवटच्या वर्षाला दोन्ही विषयांचे मिळून एकच प्रॅक्टिकल ठेवावे. विद्यार्थ्याने ब्रिज जोडावा, सिग्नल वाढवावा, आकडा करावा, प्रोग्राम लिहावा. मग परीक्षकाने ब्रिजचा वीजपुरवठा काढून घ्यावा. पडद्यावर शून्य येईल. त्या वेळी प्रोग्रामने 'वायू नाही' असे न म्हणता 'सेन्सर बंद' असा इशारा दिला, तर निम्मे गुण त्याचेच.